दोन निर्दोष गाड्या

शुद्धिपत्राला खरं नाव होतं, पण ते आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असा सुखाचा धंदा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, चुका काढणं काही थांबलं नाही. आता तो मोटारींच्या चुका काढायचा, आणि त्याही एकाच कंपनीच्या. डॉल्विन.

डॉल्विनचा कारखाना बंद पडून पस्तीस वर्षं झाली होती. जग ती गाडी केव्हाच विसरलं होतं. पण शहरात अकरा डॉल्विन अजून चालत होत्या आणि त्यांचे अकरा मालक दर रविवारी सकाळी लेथवाल्याच्या वर्कशॉपच्या अंगणात जमत. कुणाच्या गाडीचा धूर, कुणाची गळती, कुणाची नुसतीच काळजी. एकीचं दुखणं निघालं की सगळ्यांच्या बाह्या वर जात. दुसऱ्या कंपनीची गाडी आणलीच कुणी, तर तिला फाटकाबाहेर उभं राहावं लागे. हा नियम कुणी केला नव्हता, पण मोडलाही नव्हता.

वर्षातून एकदा शुद्धिपत्र कारखान्याचा मूळ कॅटलॉग काखेत मारून तपासणीला येई. स्क्रूचं डोकं चपटं की गोल, सीटच्या शिवणीला टाके किती, सगळं डोळ्यांत तेल घालून बघे, आणि मग चुकांची यादी मालकाच्या हातात ठेवी. त्या कागदाला लोक शुद्धिपत्र म्हणत. पुढे माणसालाच ते नाव चिकटलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंना एका वर्षी सत्तावीस चुकांचा कागद मिळाला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अहो, किडक्या दातांच्या पेशंटचीसुद्धा मी एवढी लाज काढत नाही!"

आजवर दोनच गाड्यांना 'निर्दोष' असा शेरा मिळाला होता. एक त्याची स्वतःची, आणि दुसरी मास्तरची.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याची डॉल्विन एका वखारीमागे सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या आणि तळाचा पत्रा बोटाने दाबला तरी भुगा व्हायचा. दोघे मित्र सहा वर्षं तिच्यामागे खपले. तळाचा नवा पत्रा तर शुद्धिपत्राने कारखान्याच्या मापाबरहुकूम तीनदा ठोकून घेतला, दोनदा नाकारला. त्याने लग्न केलं नव्हतं. रक्ताचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. रविवार आणि मास्तर, एवढाच त्याचा गोतावळा.

तर हा मास्तर, पाठीच्या ऑपरेशननंतरची विश्रांती संपली तरी, सलग चार रविवार आला नाही. पहिल्यांदा पाहुणे, दुसऱ्यांदा सर्दी, तिसऱ्यांदा पुन्हा तेच पाहुणे. चौथ्या रविवारी त्याने फोनच उचलला नाही. ऑपरेशनला तीन महिने होऊन गेले होते, घरातल्या घरात चालू लागलो म्हणून त्यानेच सांगितलं होतं, तेव्हा तब्येतीचं कारण शुद्धिपत्राच्या डोक्यातही आलं नाही. बुधवारी सकाळी, दाराच्या रबराची पट्टी मागायच्या निमित्ताने, तो मास्तरच्या घरी जाऊन थडकला.

फाटकाशी एक नवी पांढरी गाडी उभी होती. त्याने काचेतून आत डोकावून पाहिलं. पेडलं दोनच. क्लचचा पत्ता नाही.

"ही कुणाची?" त्याने विचारलं.

"माझी," मास्तर दारातूनच म्हणाला.

"तुझी म्हणजे?"

"माझी म्हणजे माझी. घेतली मागच्या महिन्यात. गिअर आपोआप पडतात. बरी आहे."

"बरी आहे?" शुद्धिपत्राच्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि ती?"

अंगणाच्या कोपऱ्यात डॉल्विन ताडपत्रीखाली होती.

"ती आहे तशीच आहे," मास्तर म्हणाला.

"पंचवीस वर्षांची दोस्ती आणि तू मला सर्दीच्या थापा मारतोस? तोंडावर सांगायचंस की, कंटाळा आला म्हणून! मी काय खाल्लं असतं तुला?"

मास्तर चौकट धरून उभा राहिला. एरवी तो फाटकापर्यंत सोडायला यायचा, गप्पा मारत तिथेच अर्धा तास काढायचा. आज जागचा हलला नाही. माज आलाय याला, अशी शुद्धिपत्राने मनात नोंद केली आणि तरातरा निघाला. चुका काढण्यात हयात घालवलेला माणूस, पण ही चूक त्याची स्वतःची होती आणि चांगली ढळढळीत होती.

कोपऱ्यावर मागून हाक आली. "भावोजी! अहो, थांबा जरा!"

मास्तरची बायको घरातल्या चपलांवरच धावत आली होती. तिने आधी दम खाल्ला.

"त्यांनी मला शपथ घातलीय, पण तुम्ही असे तोंड फिरवून गेलात तर माझ्याच्याने राहवणार नाही. ऑपरेशननंतर त्यांचं डावं पाऊल उठतच नाही. नस दुखावली होती, ती आता परत यायची नाही म्हणाले डॉक्टर. हातात काठी धरत नाहीत म्हणून तुम्हाला दिसलं नाही. क्लच कसला दाबतात, पाय हातांनी उचलून गाडीत ठेवावा लागतो."

शुद्धिपत्राच्या तोंडात मारल्यासारखं झालं. "मला का नाही सांगितलं त्याने?"

"तुम्हालाच तर सांगायचं नव्हतं. येत्या रविवारी डॉल्विनचे कागद तुमच्या हाती देणार आहेत. दुसऱ्या कुणाकडे ती धड राहायची नाही, म्हणतात." तिने पदराने डोळे पुसले. "रोज दुपारी ताडपत्री वर करून आत जाऊन बसतात हो. चालू करत नाहीत, काही नाही. नुसते बसून राहतात. मला बघवत नाही."

शुद्धिपत्र तिथून थेट लेथवाल्याकडे गेला. डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. दात बघायचा इवलासा आरसा इंजिनच्या मागे घालून त्या कुठून तेल गळतंय ते शोधत होत्या. त्याने घडलेलं सगळं एका दमात सांगितलं. दोघांपैकी कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

लेथवाला फळीकडे गेला आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आला. स्कूटरच्या क्लचसारखा हाताने आवळायचा दांडा होता. गिअरच्या दांड्यावर बसवायचा. त्याची केबल गाडीच्या तळातून खाली जाणार आणि क्लच ओढणार. पायाचं काम हात करणार. काम इतकं सुबक होतं की शुद्धिपत्राने नकळत त्याच्या कडांवरून अंगठा फिरवून पाहिला.

"महिना झाला करून," लेथवाला म्हणाला. "मास्तर काका बघायलासुद्धा तयार नाहीत. तळाच्या पत्र्याला भोक पाडावं लागेल ना. म्हणाले, निर्दोष गाडीला भोक पाडलं तर शुद्ध्या काय म्हणेल?"

शुद्धिपत्र बाजूच्या डब्यावर खाली बसला.

"मी असं म्हटलं असतं?" त्याने विचारलं.

"म्हटलं असतंत," डॉक्टरीणबाई आरसा पुसत शांतपणे म्हणाल्या. "माझी उंची बघा. मी सीटवर जाड गादी टाकली होती. मूळ गादीच्या दुप्पट जाडीची आहे म्हणून तुम्ही काढायला लावलीत. चार वर्षं मी बगळ्यासारखी मान वर करून गाडी चालवतेय."

"मग सांगायचंत की मला!"

"तुम्हाला? अहो, तुमच्या त्या कागदावर एक चूक कमी व्हावी म्हणून आम्ही जीव टाकतो. तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात तरी आमचा रविवार सोन्याचा होतो. लाडके आहात तुम्ही आमचे. म्हणून तर कुणी बोलत नाही."

आयुष्यात कुणी त्याला लाडका म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते असं. त्याला धड आनंदही होईना आणि तोंड वर करून बघवेना. मास्तरशिवाय रविवार कसा असतो ते त्याने तीन महिने पाहिलं होतं, आणि आता तसे रविवार मरेपर्यंत येणार होते, त्याच्याच एका शेऱ्यापायी.

त्याने तिथूनच मास्तरला फोन लावला.

"दांडा बसवून घे," तो म्हणाला. "भोक पडलं तर पडलं."

"तुझ्या वहिनीने सांगितलं वाटतं तुला." मास्तर म्हणाला. "कीव आली म्हणून बोलतोयस, शुद्ध्या. तसलं काही नको. सहा वर्षं घासून आपण ती गाडी कारखान्यातून निघाली तशी केली. मी पांगळा झालो म्हणून तिला कशाला पांगळी करू? तू घेऊन जा तिला. माझा जीव निवांत राहील." आणि त्याने फोन ठेवून दिला.

गुरुवार आणि शुक्रवार शुद्धिपत्राने घरात येरझाऱ्या घालण्यात काढले. मास्तर एकदा अडून बसला की बसला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बोलून काही होणार नव्हतं. शनिवारी सकाळी तो आपली डॉल्विन घेऊन वर्कशॉपमध्ये आला आणि म्हणाला, "तो दांडा माझ्या गाडीला बसव."

लेथवाल्याला वाटलं, म्हातारा चळला.

"काका, तुमचे पाय धड आहेत."

"माहितीये. बसव म्हणतो ना."

पायाखालचा रबरी गालिचा काढला. खाली तळाचा पत्रा, करड्या रंगाचा, कारखान्यात लागलेला, कधी कुणी न छेदलेला. जगात असे किती उरले असतील कुणास ठाऊक. शुद्धिपत्राने गुडघ्यांवर बसून माप घेतलं आणि खूण केली. लेथवाला ड्रिल घेऊन वाकला, तेव्हा शुद्धिपत्राने त्याचा हात धरला.

"दे इकडे. माझं मी पाडतो."

पत्रा जुना, जाड होता, लवकर दाद देईना. करकर आवाज होत होता, रंगाचा जळका वास येत होता. शेवटी ड्रिल आरपार गेलं. अंगठ्याएवढ्या त्या भोकातून खालची फरशी दिसायला लागली. तो बराच वेळ त्यातून खाली बघत राहिला.

"दुखलं का, काका?" लेथवाल्याने हळूच विचारलं.

"दुखलं," तो म्हणाला. "केबल आण."

रविवारी सकाळी तो मास्तरकडे निघाला. चाळीस वर्षं पायाने दाबलेला क्लच आता हाताने दाबायचा म्हणजे मेंदूचा नुसता गोंधळ. गाडी बेडकासारख्या उड्या मारत होती. एका चौकात तीनदा बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. पण मास्तरच्या फाटकापर्यंत त्याने डाव्या पायाला क्लचकडे फिरकू दिलं नाही.

मास्तर कागदांचा लिफाफा घेऊन तयारच होता. चौकट धरत, भिंत धरत, पाय ओढत तो फाटकापर्यंत आला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कागद नंतर," शुद्धिपत्र म्हणाला आणि त्याने गाडीचं दार उघडलं. "आधी हे बघ."

मास्तरने गिअरच्या दांड्यावरचा दांडा पाहिला. केबलवरून नजर खाली नेली. भोक पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे काय केलंस? गाढवा, काय केलंस हे! तुझी गाडी... तुझा मूळ पत्रा होता तो!"

"होता."

"अरे पण तुला काय गरज होती?"

"तू माझं ऐकेनास. मग काय करू?" शुद्धिपत्राचा आवाज चिरकला आणि त्याने तो चिरकू दिला. "कीव करतोय म्हणालास ना? कीव करणारा स्वतःच्या गाडीला भोक पाडत नाही. मला तुझी गाडी नको, मास्तर. मला तू हवायस. रविवारी."

मास्तरने तोंड फिरवलं. तसाच म्हणाला, "म्हणजे आता निर्दोष अशी एकच उरली. माझी."

"हो. आणि ती उभी आहे."

मास्तरने ताडपत्रीकडे पाहिलं. त्याने लिफाफा बायकोच्या हातात दिला, गाडीला टेकून वळसा घातला आणि चालवणाऱ्याच्या जागी बसला. मग दोन्ही हातांनी विजारीचा गुडघा धरून त्याने डावा पाय उचलला आणि आत ठेवला. शुद्धिपत्राला ते पाहताना रडू आवरेना, पण त्याने नजर वळवली नाही. तीन महिने त्याच्यापासून जे लपवलं होतं ते त्याला नीट पाहायचं होतं. मागच्या सीटवर वहिनी बसल्या, शेजारी शुद्धिपत्र.

पहिल्याच वळणाला गाडी बंद पडली. "हळू सोड, हळू," शुद्धिपत्र म्हणाला. "मला शिकवू नकोस," मास्तर खेकसला, आणि पुन्हा बंद पाडली. तिसऱ्या वेळी मात्र गाडी निघाली. चित्रकलेचा हात तो, कमीजास्त जोर द्यायची त्याला जन्माची सवय. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, एक धक्का नाही की आवाज नाही. शुद्धिपत्राला हे दिवसभर रियाज करूनही जमलं नव्हतं. मास्तरची नजर रस्त्यावर होती. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. मागे वहिनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

वर्कशॉपचा रस्ता आला, तशी मास्तरने गाडी उलटी वळवली आणि परत आपल्याच अंगणात, ताडपत्रीखालच्या डॉल्विनच्या शेजारी आणून उभी केली.

"काय झालं?" शुद्धिपत्राने घाबरून विचारलं.

मास्तर खाली आपल्या डाव्या पायाकडे बघत होता. बूट बरोबर केबलला टेकला होता.

"माझ्या गाडीत हे भोक चार बोटं पुढे पाडा," तो म्हणाला. "हा इथेच पडून राहतो. त्याला जागा लागेल."

शुद्धिपत्राने वाकून मास्तरच्या बुटाच्या टोकापुढे आपली बोटं ठेवली आणि माप घेतलं.

"पाच घेऊ," तो म्हणाला. "थंडीत तू जाड बूट घालतोस."