चाऱ्याचं यंत्र

दोंदू बीट उपटत होती. चिखल गोठायला आला होता, बोटं बधिर झाली होती. तेवढ्यात बांधाला इहसान उस्ताची गाडी थांबली. तालुक्याला त्याचा सुतारकामाचा कारखाना. दोंदूचा पंधरा वर्षांचा सेफर आठवड्यातला एक दिवस शाळेत बसायचा अन् बाकीचे दिवस उस्ताकडं राबायचा. शाळेनंच धाडला होता. हेच शिक्षण, असं मास्तर म्हणाले होते.

"भैनी, घाबरू नगंस. पोराची दोन बोटं रंध्याच्या मशिनीत गेली."

"कुठंय माझं लेकरू?"

"दवाखान्यात. पन आधी ऐक. घरी चारा कापायच्या यंत्रात झालं म्हनायचं."

"आमच्याकडं कुठलं आलंय यंत्र? इळ्यानं कापतो आमी!"

"सांजंपातूर येईल," उस्ता म्हणाला, अन् गाडीत बसला.

आणि खरंच आलं. दोन गड्यांनी ते तिच्या गोठ्यात आणून टाकलं.

सेफर घरी आला तो पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा छातीशी धरून. "जाळीनं काम रेंगाळतं म्हनून उस्तानं मशिनीच्या पात्यावरची जाळीच काढून ठिवलीया, आई."

"मग तपासायला सरकारी सायेब येईल, त्याला तसंच सांग."

"सांगितलं तर कारखाना बंद व्हईल. गावातली समदी पोरं घरी बसतील. मास्तर म्हनले, तोंड मिटून ऱ्हा, कारागिराचा दाखला मिळंल."

तपासायला साहेब आला, तेव्हा दोंदू दारातच उभी राहिली. "सायेब, त्या गोठ्यातल्या यंत्रानं कुनाचं बोट कापलं न्हाई. माझ्या पोराची बोटं कारखान्यात गेली, अन् मग हे हितं आनून टाकलं."

साहेबानं कुंपणापलीकडं बघितलं. तिथं तिची जाऊ साती उभी होती. "काय बाई, कधीपासून आहे हे यंत्र?"

"ते व्हय?" साती पदराशी चाळा करत म्हणाली. "लई वर्सं झाली की."

दोंदू गर्रकन कुंपणाकडं वळली.

साहेब दोंदूमागं उभ्या सेफरकडं वळला. "तू सांग. कुठं झालं?"

सेफरनं आईकडं बघितलं. मग मान खाली घातली. "हितंच."

"लेकरांना असल्या यंत्राजवळ सोडू नये, बाई," साहेब म्हणाला अन् निघून गेला.

दिवस मावळायला साती दह्याचं भांडं घेऊन आली. उंबऱ्यावरच घुटमळली.

"राग धरू नगंस, आक्का. उस्तानं माझ्या पोराला, हालीमला बोलवलंय. सेफरच्या जागी."

सातीनं भांडं उंबऱ्यावर टेकवलं.

"तेचा कामाचा डगला असंल की. आता तेला काय उपेग? हालीमला बसंल."

दोंदू आत गेली. दवाखान्यातून आलेला डगला तिनं खुंटीवरून काढला अन् सातीच्या हातात ठेवला. उजवी बाही रक्तानं वाळून लाकडासारखी कडक झाली होती. सातीनं ती बोटांनी दाबून बघितली.

"गार पान्यात भिजवला की निघंल," ती हळू म्हणाली, अन् डगला काखेत मारून घराकडं चालू लागली.