पडतं घेणारं खोकं

मशिनीने माणसाचं ऐकावं हे ठीक, पण इतकं भिडस्त असू नये. दादाच्या उशाशी जे खोकं आहे ना, ते पहिल्या नकारालाच पडतं घेतं. माझं डोकं फिरतं ते इथे.

खोकं आमच्याच रुग्णालयाचं. दादाच्या हृदयाजवळ बसवलेला बारका सेन्सर आतला दाब मोजतो आणि खोकं तो आकडा रोज सकाळी आमच्याकडे पाठवतं. आकडा चढला म्हणजे अंगात पाणी साठतंय, असं समजून डॉक्टरबाई फोनवरच पाणी उतरवायच्या गोळ्या वाढवतात. सोय चांगली आहे. वहिनी गेल्यापासून दादा डोंगरापलीकडे एकटा राहतो, घड्याळं दुरुस्त करतो, आणि शहरात ये म्हटलं की फोन ठेवतो.

मी रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळते, त्यामुळे नको ते मला कळतं. आकडा पाठवण्याआधी खोकं आणि आमचा सर्व्हर आपसात ठरवतात की कुठलं कुलूप लावून बोलायचं, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नये अशी कुठली सांकेतिक लिपी वापरायची. नवं कुलूप पक्कं आहे. पण ते जमलं नाही की खोकं आपणहून म्हणतं, बरं बाबा, जुनं चालेल. जुनं म्हणजे नावालाच कुलूप. चोराला फोडाफोडी करावी लागत नाही; ठरवाठरवी चालू असताना त्याने मध्ये खोडा घातला की झालं. मग त्याने आकडा वाचावा, बदलावा, त्याची मर्जी. ग्राहकाची गैरसोय नको म्हणून कंपनीने ही वाट उघडी ठेवली, आणि पुढे कंपनीनेच गाशा गुंडाळला. आता दुरुस्ती मागायची कुणाकडे?

आठवडाभर दादाचं खोकं रोज जुन्या कुलपावर उतरत होतं आणि आकडा रोज चढत होता. गोळ्या दोनदा वाढल्या. परवा दादा म्हणाला, "छोटे, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते गं. तोंडाला नुसती कोरड."

मी तडक डॉक्टरबाईंकडे गेले. "पाणी साठलेल्या माणसाला कोरड कशी पडेल? आकडा खोटा असेल तर?"

"या गोळ्यांनी कोरड पडतेच. आणि हृदय थकलं की अंधारीही येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला एवढंच सांगा, आकडा खोटा आहे का?"

इथे मी हात टेकले. डोंगरातली लाइन खराब असली तरी ठरवाठरवी फिसकटते, आणि मध्ये कोणी बसला असला तरी फिसकटते. आमच्याकडे दोन्हींची खूण एकच उमटते. घड्याळजीचा आकडा बदलून कुणाला काय मिळणार, असं मी मनाला समजावलं. पण रिकामटेकड्यांना कारण लागतं थोडंच.

रक्त तपासलं असतं तर उलगडा झाला असता. पण घाटात दरड कोसळलेली, रस्ता बंद, आणि पलीकडे ना दवाखाना ना डॉक्टर.

आमच्या विभागाच्या साहेबांना म्हटलं, जुनं कुलूप बंद करू या. ते म्हणाले, "सगळ्या रुग्णांचं बंद केलंत तर निम्मी खोकी मुकी होतील. भावाचं तेवढं तुम्ही बघा." मी दादाच्या खोक्यापुरतं बंद केलं. आता नवं कुलूप, नाहीतर काहीच नाही.

आज सकाळी काहीच आलं नाही.

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "निदान एक आकडा होता, तोही गेला. साठत असताना गोळी कमी केली तर फुप्फुसं भरतील. साठत नसताना चालू ठेवली तर मूत्रपिंडं जातील. मी शेवटचा आकडा खरा धरते. तुम्हाला खोटा वाटत असेल तर आत्ता सांगा."

मला वाटत होतं. पण वाटण्यावर भावाचा जीव कसा टांगायचा? मी न सांगताच बाहेर पडले. माझी मलाच लाज वाटली.

जागेवर येते तोच दादाचा फोन. "बाई म्हणाल्या, गोळी तेवढीच घ्या. पण मला आज उभंच राहवत नाहीये. छोटे, तुला त्या मशिनीतलं कळतं. गोळी हातात घेऊन बसलोय. घेऊ का?"

फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. धाप लागली होती, की तोंड फोनच्या जवळ होतं म्हणून तसं वाटत होतं, तेही मला कळेना.

"दादा, जरा थांब," मी म्हणाले.

"थांबतो की," तो म्हणाला. "पण कशासाठी थांबू, ते तरी सांग."