मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक आहे. परंतु चालकाच्या पायाशी असतो तो नव्हे. मोटार शिकवणाऱ्या एका संस्थेच्या गाडीत, शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या पायाशी माझा जन्म झाला. एका वेल्डरने लोखंडी दांडी जोडून मला खऱ्या ब्रेकशी बांधले. शिकणारा चुकला तर मी वाचवावे, हेच माझे जीवितकार्य.

एकोणीस वर्षे मी ते इमानेइतबारे पार पाडले. एकही अपघात झाला नाही. मास्तरांनी तसे गाडीच्या दारावर रंगवूनही घेतले. परंतु मास्तरांच्या ठायी धीर नव्हता. शिकणाऱ्याने विचार करण्याआधीच ते मला दाबत आणि वर म्हणत, "डोळे काय खिशात ठेवलेत?" मुले खजील होत आणि हळूहळू माझ्यावरच विसंबत.

त्यांत एक भाजीवाल्याची लेक होती. वडिलांची दृष्टी अधू झाली होती. टेम्पो तिने चालवला तरच घर चालणार होते. एकदा ती म्हणाली, "मास्तर, आज पाय वर घ्या ना. कुठं थांबायचं ते माझं मला ठरवू द्या."

"आणि तू खांबाला मिठी मारलीस म्हणजे? पोरी, ही माझी गाडी आहे, तुझ्या बापाचा टेम्पो नाही."

मोकळ्या मैदानावर परीक्षा झाली. ती उत्तीर्ण झाली.

आठवड्याने ती परत आली. हाताला पट्टी होती.

"सायकलवर एक आजोबा आडवे आले, मास्तर. पाय गेला त्यांचा. टेम्पो पोलिसांनी नेला."

"दिसले नाहीत का?"

"दिसले ना. चांगले लांबून दिसले."

"मग ब्रेक का नाही मारलास?"

"वाट बघत राहिले. तुम्ही माराल म्हणून."

"शेजारी कोण होतं?"

"बाबा."

मास्तर बराच वेळ काच पुसत राहिले. मग म्हणाले, "परीक्षेत तर पास झाली होतीस."

मित्रांनो, माझी स्तुती करू नका. मी गाडी थांबवली, परंतु त्या मुलीला थांबायला शिकू दिले नाही. तुम्ही मोठे व्हाल, कोणाच्या तरी शेजारी बसाल. तेव्हा त्याला धोका दिसू द्या, घाम फुटू द्या, त्याचे त्याला ठरवू द्या. तुमचा पाय तयार असावा, परंतु अधांतरीच असावा.

आज नवा विद्यार्थी बसला आहे. चौक अजून दूर आहे, आणि मास्तरांचा पाय माझ्यावर आला आहे.