निरामिष आमिष

सुधींद्राच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कुणी मासा खाल्ला नव्हता. सुधींद्रही खात नव्हता. तो फक्त करायचा.

बेंगळूरच्या शिवाजीनगरात प्रतापरावांचं दुकान होतं. पुढे फळीवर बाहुल्या, भोवरे आणि मान हलवणारे घोडे. मागे, पडद्याआड, खरा धंदा. कावेरीवर महासीर मासा धरायला जाणारे साहेब, म्हणजे सत्तेचाळीसनंतर मागे उरलेले साहेब आणि त्यांचं पाहून नव्यानं झालेले साहेब, प्रतापरावांकडून लाकडी मासे करून घेत. असा मासा दोरीनं पाण्यातून ओढला की खऱ्यासारखा वळवळतो. त्याला गिळायला मोठा मासा धावतो आणि खोट्याच्या पोटाखालचा गळ खऱ्याच्या जबड्यात बसतो. प्रतापराव लाकूड तासायचे, पोटात शिसं भरायचे, हनुवटीला पत्र्याची जीभ बसवायचे. रंगकाम सुधींद्राचं. मच्छरदाणीचा तुकडा माशाच्या अंगावर ताणून वरून फुंकणीनं रुपेरी रंग उडवला की जाळीच्या भोकाभोकांतून खवले उमटत. मच्छरदाणीचा मत्स्याशी इतका जवळचा संबंध असेल असं ती विणणाऱ्यालाही वाटलं नसेल.

यात पाप आहे का, याचा सुधींद्रानं विचार केला होता. मांस नाही, किडा नाही. लाकूड, रंग आणि शिसं. म्हणजे निरामिष आमिष. हा शब्द सुचल्यावर तो आठवडाभर शांत झोपला. घरी त्यानं खेळण्यांच्या कारखान्यात आहे असं सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. तो अर्ध्या दुकानाबद्दल बोलत असे, इतकंच.

त्याची आई कृष्णाबाई सोवळ्याची इतकी कडक, की बाजारातून आलेला कांदासुद्धा घरात दबकत शिरायचा. तरुण वयात नवरा गेला. मुलाच्या हातांवर तिचा फार जीव. आमच्या सुधींद्राचे हात देवाच्या कामाचे आहेत, पोट भरायला बाहुल्या करतो बिचारा, असं ती मल्लेश्वरमभर सांगत फिरे. ते हात मग सुधींद्र खिशात घाली.

एकदा काय झालं, एका मळेवाल्या साहेबानं खास मासा सांगितला. दुकानातल्या ओलीत त्यावरचं व्हार्निश वाळेना. सुधींद्र तो घरी घेऊन आला. अजून गळ अडकवायचे होते, नुसत्या कड्या होत्या. घराला ऊन येतं ते एकाच जागी, तुळशीच्या कट्ट्यावर. पहाटे मासा तिथं ठेवून तो अंघोळीला गेला. त्या दिवशी एकादशी होती, हे अंगावर दुसरा तांब्या घेताना त्याला आठवलं.

तो पंचा गुंडाळून धावत आला तेव्हा कट्टा रिकामा होता. मासा देवघरात तांब्याच्या ताम्हणात बसला होता, डोक्यावर तुळशीचं पान घेऊन.

कृष्णाबाईंचं चुकलं असं कुणी म्हणू शकत नाही. त्यांच्या मुलानं एकादशीच्या पहाटे तुळशीपुढे मासा ठेवला होता. अशा घरातल्या अशा मुलानं ठेवलेला मासा मत्स्यावतारच असणार. दुसरं काही मनात येणं हाच चहाटळपणा झाला असता.

सुधींद्रानं सांगायला तोंड उघडलं होतं. पण कृष्णाबाईच एकेक अवयव न्याहाळत अर्थ लावत गेल्या. नाकातली कडी कशाला, तर प्रलयात मनूची नाव बांधायला. हनुवटीची पत्र्याची जीभ कशाला, तर वेद वाचवून आणले ते म्हणायला. पोटाखालच्या दोन कड्यांपाशी मात्र त्या जरा अडल्या. मग म्हणाल्या, घंटा लावायच्या असतील. सुधींद्र म्हणाला, "हं." त्याला पुढे आयुष्यभर सगळ्यात जास्त लाज वाटायची ती या हुंकाराची.

त्यांनी अभिषेक घातला. शिसं नेमकं तोलून भरलेलं असल्यामुळे ताम्हणात पाणी चढताच मासा सरळ झाला, अलगद वळला आणि कृष्णाबाईंकडे तोंड करून थांबला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या वीणाअक्का दर्शनाला आल्या, मग वीणाअक्कांनी सांगितलेल्या बाकीच्या आल्या. घरात नारळांचा ढीग लागला. सुधींद्र रोज तीर्थ घेऊन कामाला जायचा आणि तिथं बसून त्या तीर्थाच्या मालकाचे भाऊबंद रंगवायचा.

इकडे साहेब मासा मागू लागला. शेवटी प्रतापराव स्वतःच मल्लेश्वरमला आले. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळूरात उतरलेले, त्यामुळे कुठल्याही घरात आपण आधी आलो आहोत अशा थाटात ते शिरत. पण देवघरात आपलाच मासा हार घालून बसलेला पाहून त्यांनी निमूट टोपी काढली, हात जोडले, तीर्थ घेतलं. मग नजर गेलीच. मासा स्वल्प डावीकडे कलतोय, म्हणाले, नाकाची कडी वाकवायला हवी. कृष्णाबाईंनी विचारलं, देवाच्या नाकाचं तुम्हाला काय कळतं?

प्रतापरावांनी सुधींद्राकडे पाहिलं. सुधींद्रानं खांबाकडे पाहिलं. खांब काही बोलला नाही.

"आई," सुधींद्र म्हणाला, "त्या पोटाखालच्या कड्यांत घंटा नसतात. गळ असतो."

कृष्णाबाई खाली बसल्या. बराच वेळ त्यांनी समईची वात नीट केली. ती नीटच होती.

"याला मासे लागतात?"

"लागतात."

"मरतात?"

"हो."

"सगळ्यांनी केलेल्याला लागतात?"

"नाही. चांगला केला तरच."

"आणि तू चांगला करतोस?"

इथं खोटं बोलायची फार सोय होती. रंग बरा जमतो, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. महिनोन् महिने जो खोटेपणा त्याच्या जिभेवर पाळीव प्राण्यासारखा बसून होता, तो नेमका त्याच वेळी उठून गेला.

"हो," सुधींद्र म्हणाला. "माझ्याइतका कुणी करत नाही." आणि त्याचे कान लाल झाले, कारण हे सांगताना त्याला बरं वाटलं होतं.

मासा परत द्यायला मात्र कृष्णाबाई तयार नव्हत्या. पूजा झालेली मूर्ती गळाला लावायला देता येत नाही, विसर्जन करायचं, इतकंच त्या म्हणाल्या. प्रतापराव सरी, सरी म्हणत कबूल झाले. साहेबाला काय सांगायचं याचा विचार करत ते मयताला निघाल्यासारखे सोबत चालू लागले. वीणाअक्कांना कुणीच काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्या सँकी तळ्यापर्यंत भजन म्हणत आल्या.

सुधींद्रानं पायरीवर बसून मासा पाण्यात सोडला. मासा तरंगला. थोडा पुढे गेला आणि वाऱ्यानं परत येऊन कृष्णाबाईंच्या पायांना लागला. पुन्हा ढकलला, पुन्हा आला. देवाचं मन निघत नाही हो, म्हणून वीणाअक्कांनी डोळ्यांना पदर लावला.

"बुडत का नाही?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"तो असाच केलेला असतो. ओढला तरच बुडतो."

"मग ओढ."

प्रतापरावांच्या खिशात दोरा होता. खिशात दुसरं काही नसलं तरी तो असायचाच. त्यांनी गाठ मारून दिली. सुधींद्रानं मासा लांब फेकला आणि भर सकाळी, आईसमोर, कपाळावर अंगारा-अक्षता लावलेला तो मुलगा गळ टाकणाऱ्यासारखा दोरा ओढू लागला.

मासा बुडाला. डावीउजवीकडे अंग झोकत, रुपेरी कूस चमकवत पाण्याखालून येऊ लागला. गवताजवळ पाणी फुगलं, एक काळी मरळ खालून उसळली आणि तिनं मत्स्यावतारावर झडप घातली. दोरा हाताला हिसकला. "ढील दे, स्वल्प ढील," प्रतापराव पुटपुटले आणि लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला. गळ नव्हताच. मरळीनं लाकूड चावलं, थुंकलं आणि ती निघून गेली.

सुधींद्र हसत होता. हे त्याला कळलं ते आई आपल्याकडे बघते आहे हे दिसल्यावर. तोंड मिटून घ्यायला फार वेळ लागला.

"माझ्यासारखीच फसली बिचारी," कृष्णाबाई म्हणाल्या. शेजारच्या लेकीबद्दल बोलावं तशा, साध्या आवाजात.

कोण फसली, असं वीणाअक्कांनी विचारलं. कृष्णाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या निघाल्या.

देवाला दोऱ्यासकट सोडणं बरं दिसलं नसतं, म्हणून सुधींद्र गाठ सोडवत बसला. ओली झाली की घट्ट बसावी अशीच ती गाठ असते. वीणाअक्कांचं भजन रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत तो नखांनी ती उकरत राहिला. त्याला मान वर करावी लागू नये म्हणून प्रतापराव दुसरीकडे बघत उभे होते.