होऊन राहिला

वासुदेवरावांनी चहाची बशी ओठाला लावता लावता दुसऱ्या हाताने भाच्याचा, जीवनचा, गुडघा दाबला. अर्थ इतकाच, की आता तू गप्प बस. मोठा प्रश्न येणार होता.

कोंढा गावातल्या, मुलगी पाहण्याच्या त्या बैठकीत तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. मुलीचे वडील परसराम यांनी जीवनच्या घरच्या धानाची चौकशी केली, कालव्याचं पाणी कुठवर पोचतं ते विचारलं. मुलगा तत्त्वज्ञानात पीएच.डी. करतो हे कळल्यावर, म्हणजे प्रवचन करतात का, असंही विचारलं. तसंच काहीसं, म्हणून वासुदेवरावांनी वेळ निभावली. जीवनचा विषय प्रवचनाच्या अगदी उलट होता. शंभरेक वर्षांपूर्वी परमतत्त्वाच्या गोष्टींना कंटाळलेल्या काही विद्वानांनी एकेक साधं वाक्य उचलून तराजूत टाकायला कशी सुरुवात केली, आणि त्यातून विश्लेषक तत्त्वज्ञान कसं उभं राहिलं, याचा तो अभ्यास करत होता. प्रवचनात हे सांगितलं असतं, तर प्रसादाआधीच मंडप रिकामा झाला असता.

तालुक्यातल्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर शिकवत होता; जेवढे तास, तेवढाच पगार. तत्त्वज्ञान, आणि तेही तत्त्वावर, हा विनोद स्टाफरूममध्ये जुना झाला होता. जीवनही चौतिशीला आला होता. आधीच्या दोन सोयरिकी याच कारणाने मोडल्या. त्यांचं त्याला फारसं वाटलं नव्हतं. या मुलीचं, दामिनीचं, मात्र वाटणार होतं. मागच्या आठवड्यात तिने फोनवर त्याचा विषय विचारला, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एवढं तर त्याच्या मार्गदर्शकांनीही कधी केलं नव्हतं.

“पोरगा पर्मनंट हाये ना?” परसरामांनी विचारलं, तेही जीवनला नाही, वासुदेवरावांना.

“होऊन राहिला,” वासुदेवराव म्हणाले.

आपल्याकडे ‘होतो आहे’ या अर्थाचे हे दोन शब्द फार कामाचे. रस्ता होऊन राहिला, पूल होऊन राहिला, घरकुल होऊन राहिलं. बोलणारा खोटा पडत नाही आणि ऐकणारा तारीख मागत नाही. परसरामांनी मान डोलावली. दारात उभ्या असलेल्या सुलोचनाबाईंनी, म्हणजे दामिनीच्या आईने, सुटल्यासारखा श्वास टाकला. बैठक अर्धीअधिक जिंकली होती.

जीवन कपाकडे पाहत राहिला. जी गोष्ट अस्तित्वातच नाही तिच्याविषयीचं वाक्य खोटं म्हणायचं की निरर्थक, यावर त्याने प्रबंधाचं अख्खं प्रकरण लिहिलं होतं. दोन्ही बाजू इतक्या इमानदारीने मांडल्या होत्या, की मार्गदर्शकांनी समासात लाल शाईने लिहिलं: तुमचं मत? इथे तर कॉलेजात कायमची जागाच निघाली नव्हती. निघणार अशी अफवाही नव्हती.

गुडघ्यावरचा हात त्याने उचलून मामांच्या मांडीवर ठेवला.

“ते खोटं हाये, बाबूजी,” तो म्हणाला. “मी पर्मनंट होऊन नाही राहिलो. जागाच नाही निघाली.”

वासुदेवराव मोठ्याने हसले. पोरगा जास्तच वाचते, म्हणून कधी कधी असं बोलते, असं त्यांनी समजावलं. परसरामांनी कप खाली ठेवला आणि, बरं, कळवतो, म्हणाले. ज्या घरातून ‘कळवतो’ म्हणतात, त्या घरातून पुढे काही कळत नाही, हे जीवनला दोनदा शिकून झालं होतं. तो उठला.

आतल्या खोलीतून दामिनी बाहेर आली. कोणी बोलावलं नव्हतं.

“बाबा, माह्या बी.एड.चं काय सांगितलं तुमी यांले?”

परसराम वासुदेवरावांकडे पाहू लागले. “काय सांगणार? होऊन राहिलं म्हटलं.”

“मी तं दिवाळीलेच सोडलं ना ते.”

“दामिने,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

दामिनी जागची हलली नाही. जीवनही उभाच होता. परसरामांनी मुलीकडे पाहिलं, मग जीवनकडे. मग त्यांनी जीवनची खुर्ची पुन्हा त्याच्याकडे सरकवली.

“वासुदेवभाऊ,” ते म्हणाले, “तुमी जरा भायेर बसा. आता आमाले बोलू द्या.”

वासुदेवराव उठले. जाताना चिवड्याची बशी मात्र त्यांनी सोबत नेली.