मोरिताबाईंचा डबा

"आणि मग मोरिता-सान मला भाताचं पेज आणून दिली. एकदम तुझ्यासारखी, आई. फक्त तूप नव्हता."

वैभवीने हातातलं लाटणं पोळपाटावर ठेवलं आणि ओट्याला टेकवलेल्या फोनकडे पाहिलं. रविवारी सकाळी अकरा ही तनिषाच्या फोनची, तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मोडक्या मराठीची, ठरलेली वेळ. इकडे लंडनच्या हॅरोत वैभवीच्या पोळ्या चाललेल्या असत, तिकडे जपानात, कानाझावाला, तनिषाचं रात्रीचं जेवण उरकलेलं असे.

"पेज? तुला काय झालं होतं?"

"फ्लू. लास्ट वीक. आता आय ॲम फाइन."

"आणि मला आज सांगतेस?"

"तू वरी केली असतीस ना. मोरिता-सान होती. माझ्याबरोबर क्लिनिकमध्ये येऊन दोन तास बसली. डॉक्टरला पण सगळं तीच सांगितली."

मोरिताबाई म्हणजे तनिषाच्या खालच्या मजल्यावरची चौऱ्याहत्तर वर्षांची विधवा. वैभवी सव्वीस वर्षं हॉस्पिटलात रक्त काढायचं काम करत होती. भेदरलेल्या माणसांना गोष्टीत गुंतवून सुई कधी टोचली ते कळू न देण्याबद्दल तिची ख्याती होती. आणि तिच्या एकुलत्या एक मुलीच्या कपाळावर हात ठेवायला मात्र कोण, तर ही मोरिता!

तनिषा इंग्रजी शिकवायला तिकडे गेल्याला दीड वर्ष झालं होतं. दर रविवारी नवं कौतुक. पडलेला हातमोजा द्यायला स्टेशनवरचा माणूस दोन जिने धावत आला. रस्ता विचारला, तर बेकरीवाली दुकान बंद करून सोबत चालत आली. कुठला कचरा कुठल्या दिवशी ठेवायचा, ते मोरिताबाईंनी चित्रं काढून दाराला लावून दिलं. वैभवी 'हो का, वा' म्हणायची आणि पोळी जरा जास्तच जोरात लाटायची.

"एवढ्या लांब पोरीला कुणीतरी आहे, देव पावला म्हणायचं," तिचा नवरा अतुल म्हणायचा. त्याला सगळीच माणसं आवडत, हा त्याचा जुना दोष होता.

वैभवीचं पोट दुखत होतं, ते निराळ्याच गोष्टीने. हा मत्सर होता आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तो शोभत नाही, हेही तिला समजत होतं. त्यात आणखी एक बारीक कुसळ होतं. ती स्वतः लग्न होऊन या देशात आली, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात आठ दिवस तापाने पडली होती. अतुल कामावर. शेजारच्या भिंतीपलीकडे टीव्ही चालू असायचा, पण तिच्या दारावर पेज घेऊन कुणी आलं नव्हतं. मुलीला जे मिळत होतं ते आपल्याला मिळालं नाही, याचंही तिला वाईट वाटे आणि मग स्वतःचीच लाज वाटे.

ख्रिसमसला तनिषा दहा दिवसांसाठी घरी आली. बॅग उघडल्यावर सगळ्यात वर निघाला तो निळ्या फडक्यात बांधलेला काळा, चकचकीत लाकडी डबा.

"मोरिता-सान तुझ्यासाठी प्लमचं लोणचं केली. डबा तिच्या आईची आहे, मला परत न्यायचंय."

अतुलने एक तोंडात टाकलं आणि दोन्ही डोळे मिटून घेतले. "बापरे! आपल्या लिंबाच्या लोणच्याची थोरली बहीण आहे ही."

वैभवीने चाखलं नाही. तिने लोणचं बरणीत काढलं आणि बरणी फ्रीजमध्ये अगदी मागे सरकवली.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना तनिषा म्हणाली, "आई, मी अजून एक वर्ष राहतेय. फॉर्म दिला."

वैभवीच्या मनात आलं ते भलतंच, आणि तेच तोंडातून निघालं. "मोरिताला सांगितलंस?"

"हो."

"आमच्या आधी?"

तनिषाने कप उचलला आणि सिंकमध्ये नेऊन ठेवला.

निघायच्या आदल्या दिवशी वैभवीने बेसनाचे लाडू केले. प्रत्येक लाडवावर अंगठ्याने एक बेदाणा दाबून बसवला. तिच्या लाडवांची ती खूण होती. बावीस लाडू तनिषाच्या स्टीलच्या डब्यात भरले. मग तिने तो काळा डबा धुतला, पुसला, पुन्हा पुसला.

या स्वयंपाकघरातून कुणाचं भांडं कधी रिकामं परत गेलं नव्हतं. पलीकडच्या मीनाबेनची वाटी असो की समोरच्या पोलिश बाईचा केकचा डबा, काही नसेल तर निदान चमचाभर साखर घालूनच ते जायचं. वैभवीने एक लाडू उचलला, क्षणभर त्या डब्यावर धरला आणि परत स्टीलच्या डब्यात ठेवला. काळ्या डब्याचं झाकण लावलं. निळ्या फडक्याची गाठ मारताना तिला फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तिला मुळीच आवडलं नाही.

"त्यात काही घातलंस ना?" अतुलने विचारलं.

"बॅगेचं वजन होतं."

तनिषाने ते गाठोडं उचललं. हातात तोलल्यासारखं क्षणभर धरलं. "जपून ठेवते," म्हणाली आणि वर खोलीत गेली.

दोन रविवारांनी फोन वाजला, तेव्हा पडद्यावर दोघी होत्या. मोरिताबाई वैभवीला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच लहानखुऱ्या होत्या. विरळ पांढरे केस, करडा स्वेटर. त्यांनी समोरचा काळा डबा दोन्ही हातांनी उघडला. आत सहा लाडू होते आणि प्रत्येकावर बेदाणा.

वैभवीच्या हातातली पोळी तव्यावर वेडीवाकडी पडली.

मोरिताबाई हळूहळू बोलत होत्या. तनिषा मान खाली घालून मराठीत सांगत होती. "ती म्हणते, रोज चहाबरोबर एक खाते, आता एवढेच राहिले. पहिला नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवली. ती म्हणते, स्वतःची मुलगी एवढी लांब, तरी तू माझी आठवण ठेवलीस."

वैभवी कणकेचे हात तसेच धरून पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

"आणि ती विचारते," तनिषाने आता वर पाहिलं, थेट आईकडे, "त्यांच्याकडे पण डबा रिकामी परत देत नाहीत. तुला हे कसं माहीत? मी सांगितलं, आमच्या घरी आई नेहमीच असं करते."

मोरिताबाई उठून उभ्या राहिल्या आणि कमरेतून खोल वाकल्या. पडद्यावर फक्त त्यांचा पांढरा भांग दिसत होता.

वैभवीने कणकेचे हात जोडले आणि तीही वाकली. मोरिताबाई केव्हाच सरळ झाल्या, तरी तिला मान वर करवेना. तव्यावरची पोळी करपू लागली, तसा अतुल पुढे आला आणि त्याने गॅस बंद केला.