सुभेदारांची चाकाची खुर्ची

मित्रांनो, मी चाकाची खुर्ची. आता माझा रंग उडाला आहे आणि डावे चाक वळताना कुरकुरते. कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा झाला, त्यावर काळे रेक्झिन चढले. पनवेलच्या एका औषधांच्या दुकानाबाहेर मी बरेच दिवस उन्हात उभी होते. तिथून प्रितम मला पळस्प्याजवळच्या आपल्या घरी घेऊन आला.

त्याचे वडील, निवृत्त सुभेदार धर्मराज, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. मला पाहताच त्यांनी तोंड फिरवले. "मी जल्मभर उभा राहून डूटी केली. यात बसाचा नाय."

मग मी पडवीत गेले. माझ्या पाठीवर ओले टॉवेल वाळू लागले. प्रितम न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला, दिवसभर बाहेर. सकाळी घरी सेवा देणारी अंकिता येई, सुभेदारांना आंघोळ घाली, त्यांच्या हातापायांना व्यायाम देई. ती गेली की त्यांची पत्नी सोनाबाईच त्यांना उचलत.

"आजोबा, खुर्ची वापरा ना. आजींची कंबर जाईल," अंकिता म्हणायची.

"माझी बायको हाय, ती बघंल," सुभेदार म्हणायचे. सोनाबाई नुसत्या हसायच्या.

एका दुपारी सुभेदारांना उठवताना सोनाबाईंच्या कंबरेत कळ आली आणि दोघेही खाली कोसळले. सोनाबाई विव्हळत होत्या. सुभेदार त्यांच्याकडे सरकायला धडपडत होते, पण शरीर हलेना. एके काळी जखमी जवानाला पाठीवर घेऊन डोंगर उतरलेला हा माणूस, आता नुसत्या हाका मारत होता. शेजारी धावून आले. डॉक्टरांनी सोनाबाईंना सक्तीची विश्रांती सांगितली. त्यांचे अंथरूण आतल्या खोलीत पडले.

दुसऱ्या दिवशी अंकिता आली, तेव्हा सुभेदार म्हणाले, "ती खुर्ची आन गो."

तिने टॉवेल काढले, मला पुसले. "कुठं जायचंय, आजोबा?"

"सोनाकडं."

त्यांचा भार माझ्यावर आला आणि मला माझ्या जन्माचा अर्थ कळला. उंबरठ्यावर मी अडले. अंकिताने फळी टाकली, मी आत गेले. सुभेदारांनी चांगल्या हाताने चहाचा कप सोनाबाईंच्या ओठांपाशी नेला. कप थोडा कलला.

"सोना, तुझी कंबर मीच मोडली."

"आदी कप सरळ धरा," त्या म्हणाल्या. "चा सांडतंय."

सुभेदारांचे डोळे भरून आले. त्यांनी कप सरळ धरला.

सोनाबाई हळूहळू बऱ्या झाल्या. आता अंकिता संध्याकाळीही येते आणि सुभेदार स्वतःच मला मागवतात. सारे माझे कौतुक करतात.

मित्रांनो, माझ्या चाकांना अधूनमधून तेल घाला, एवढे मागणे आहेच. पण खुर्चीत बसलेल्याची विचारपूस सगळेच करतात. तिला मागून ढकलणाऱ्यालाही कधी विचारा, "दमलात का? जरा बसता का?"